जनावराचं शेपूट

आश्रुबानं हातोडी उलटी धरली आणि दांड्यानं ठोकत ठोकत तो सिमेंटच्या शेपटाच्या बुडख्यापासून टोकाकडे सरकत गेला. वीतभर सरकायचं, एक ठोका द्यायचा, कान लावायचा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय असं समजायचं, भरीव आला तर काळजी नाही. शेपूट पहिल्यापासून शेवटपर्यंत भरीव बोललं. ते तसंच बोलणार हे त्याला बत्तीस वर्षांपासून ठाऊक होतं. पण शाळेच्या मॅडम शेजारी उभ्या होत्या, म्हणून तपासणी केल्यासारखं करत तो पुन्हा ठोकत माघारी आला.

"काय म्हणतंय, काका?"

"काय म्हननार? दगड हाय नुसता."

"मग उचलता येईल?"

आश्रुबानं ऐकलं नाही असं दाखवलं आणि धोतराला लागलेली धूळ झटकत बसला.

आष्टीहून कड्याकडे जाताना आत वळलं की या गावचं हायस्कूल लागतं आणि हायस्कूलच्या समोर लांब मानेचा सिमेंटचा डायनासोर उभा आहे. गावात त्याला डायनासोर कुणी म्हणत नाही, सगळे नुसतं 'जनावर' म्हणतात. "जनावरापाशी उतरा" असं सांगितलं की पाहुणा बरोबर उतरतो. दर दोन-तीन वर्षांनी शाळा त्याला रंगवते आणि हाताशी असेल तो रंग देते. एका साली संस्थेच्या अध्यक्षांच्या बंगल्याचा उरलेला गुलाबी रंग त्याच्या अंगावर चढला, तेव्हा ते वर्षभर लाजल्यासारखं दिसत होतं. आश्रुबानं ते बांधलं तेव्हा त्याचं वय पंचवीस. मूर्तीचं त्याचं ते पहिलं काम. पुढं वस्तीवरच्या बुद्धविहारातली मूर्ती त्याच्या हातून झाली, चार शाळांचे हत्ती झाले, बंगल्यांवरच्या सिंहांची तर मोजदाद नाही. तरी कुणी विचारलं की तो पहिल्यांदा हेच सांगतो, "ते जनावर माझं हाय."

आठ दिवसांवर तालुक्याचं दोन दिवसांचं विज्ञान प्रदर्शन आलं होतं आणि ते याच शाळेत भरणार होतं. स्वप्नाली मॅडम गेल्या साली बीडजवळच्या पालीहून इथं विज्ञान शिकवायला आल्या. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं होतं, की जनावर चुकलंय. गावाला ते जरा लागलं. इतकी वर्षं दारात उभ्या असलेल्या जनावराला बाहेरच्या माणसानं येऊन नाव ठेवलेलं कुणाला आवडेल?

मॅडम शेपटावरच बसल्या. पोरं घसरून घसरून ते गुळगुळीत झालं होतं.

"चूक तुमची नाही, काका," त्या म्हणाल्या. "या जनावराच्या बाबतीत सगळं जगच चुकत आलंय. हाडं सापडली तेव्हा लोकांना वाटलं, एवढं धूड जमिनीवर उभंच राहणार नाही. म्हणून चित्रात त्याला तळ्यात घातलं. गळ्यापर्यंत पाणी, वर नुसतं डोकं."

"म्हशीवानी."

"अगदी. मग कुणीतरी हिशेब मांडला, की एवढ्या खोल पाण्यात छाती दबून जाईल, श्वाससुद्धा घेता येणार नाही. मग बाहेर काढलं. काहींनी त्याचे पाय घोरपडीसारखे बाजूला फाकवले. त्यावर दुसरे म्हणाले, असं असेल तर पोट जमिनीला लागेल, चालायला बिचाऱ्याला चर खणून द्यावा लागेल. एका सांगाड्याला तर भलत्याच घाटाचं डोकं बसवलं होतं. कितीतरी वर्षं तसंच."

आश्रुबा हसला. शिकल्या-सवरल्या लोकांनी डोकं चुकवलं हे ऐकून कुठल्याही कारागिराला बरं वाटतं.

"अन् शेपूट?"

"शेपूट सगळेच जमिनीवर फरपटत दाखवायचे. पण दगडात त्याच्या पावलांचे ठसे सापडले ना, तिथं नुसती पावलंच आहेत. शेपटाची रेघ नाही म्हटलं तरी चालेल."

हे आश्रुबाला समजावून सांगायची गरज नव्हती. फुफाट्यातून घोरपड गेली की पंजांच्या मधोमध शेपटाची रेघ उमटते, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. रेघ नाही म्हणजे शेपूट वर. इतकी साधी गोष्ट.

"वर ऱ्हाईल कसं पन?" त्यानं विचारलं. आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. "येवढं वजन?"

"आपण धरतो तेवढं वजन नव्हतंच. मानेच्या, पाठीच्या हाडांत हवेच्या पोकळ्या होत्या. आतून पोकळ, म्हणून हलकं. मानेचा भार शेपूट तोलायचं आणि शेपटाचा भार मान. मान किती उंच धरायची त्यावर अजून भांडणं चाललीत, शेपटावर मात्र आता कुणी भांडत नाही."

आतून पोकळ. आश्रुबाचा हात शेपटावर होता, तो त्यानं काढून घेतला.

"न्हाई जमायचं, मॅडम. आठ दिवसांत तर न्हाईच. तोडायचं, सळई बांधायची, माल भरायचा, वर पंधरा दिवस पानी मारायचं. हाय तसं ऱ्हाऊ द्या."

यातलं खोटं काहीच नव्हतं, फक्त सगळं सांगून झालं नव्हतं. शेपूट तोडलं असतं तर बुडख्याशी एक जुना सांधा उघडा पडला असता आणि त्या सांध्याबद्दल जिवंत माणसांत एकट्या आश्रुबालाच माहीत होतं.

जनावर बांधलं त्या साली उत्तरेश्वर सर शाळेत विज्ञान शिकवत होते. हैदराबादला कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना एका परदेशी मासिकाचं पान घेऊन आले. पानावर लांब मानेचं जनावर होतं, पाय खांबासारखे सरळ आणि शेपूट पार मागं हवेत. हे शाळेपुढं उभं करायचं, असं सरांच्या मनानं घेतलं. काम कुणाला द्यायचं यावर संस्थेचे अध्यक्ष बद्रीनाथ नाना म्हणाले, "नगरचा कारागीर आना. यांना विहिरीचं बांधकाम जमतंय, हे न्हाई जमायचं." समोर आश्रुबा एकटाच उभा होता, तरी नाना 'यांना' म्हणाले, आणि ते काही आदरानं म्हणाले नव्हते. वस्तीवरचा पोरगा आणि शाळेच्या दारात मूर्ती घडवणार, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. सर म्हणाले, "जमंल. मी हाय त्याच्यामागं."

आश्रुबानं जीव ओतून काम केलं आणि जीव ओतण्यातच घोळ झाला. मजबूत म्हणजे जड, असा तेव्हा त्याचा समज. शेपटात त्यानं विटांचे तुकडे ठासून भरले, वरून सिमेंट ओतलं, आतल्या सळ्या मात्र विहिरीच्या कामातून उरलेल्या, करंगळीएवढ्या बारीक. सव्वीस जानेवारीला उद्घाटन होतं. तेवीस तारखेला भल्या सकाळी, कुणी यायच्या आत आपणच आधी बघावं म्हणून त्यानं एकट्यानं टेकू काढले. शेपूट घटकाभर थांबलं आणि बुडख्यापासून मोडून खाली आलं.

सर सायकलवरून आले तेव्हा तो मोडक्या शेपटाशेजारी बसलेला होता. त्यांनी सायकल लावली, शेपटाभोवती एक फेरी मारली आणि काही न बोलता परत गेले. संपलं सगळं, असं आश्रुबाला वाटलं. अर्ध्या तासानं ते एक जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन आले. औरंगाबादच्या जुन्या बाजारात घेतलेलं. त्यात एक चित्र होतं आणि चित्रातल्या जनावराचं शेपूट जमिनीवर लोळत होतं.

"हे बघ. असं करू."

"पन सर, त्या कागदात तर..."

"कागद ऱ्हाऊ दे."

सरांनी सदरा काढून हँडलला अडकवला आणि स्वतः घमेली वाहिली. उद्घाटनासाठी बांधलेल्या पडद्याआड दोन दिवसांत शेपूट जमिनीवर टेकवून सांधा बुजवून टाकला. उद्घाटनाला नाना म्हणाले, "सर, कागदावर तर तुमी शेपूट वर दावलतं की." सगळे ऐकत होते. सर हसून म्हणाले, "माझीच चूक झाली, नाना. नंतर पुस्तकात बघितलं."

आश्रुबा तेव्हा हातभर अंतरावर उभा होता आणि गप्प राहिला. तेव्हा बोलला असता तर पुढचं एकही काम मिळालं नसतं, असं तो स्वतःला सांगत आला, आणि ते खरंही होतं. पण चाळिशीत, नाव झाल्यावरही तो बोलला नाही. चार वर्षांपूर्वी सर वारले. त्यांच्या मातीला तो गेला आणि गप्पच परत आला.

"ठीक आहे," मॅडम शेपटावरून उठत म्हणाल्या. "तोडायचं नाही तर नको. आपण शेजारी मोठा फलक लावू. चुका कशा झाल्या, कशा सुधारल्या, सगळं लिहू. तेही विज्ञानच आहे."

आश्रुबाला सुटल्यासारखं वाटलं.

ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी फलकाचे खांब रोवायला तोच गेला. मॅडमनी जलरंगात सुरेख अक्षरात लिहिलं होतं, वर चित्रंही काढली होती. तळ्यातलं जनावर, फाकलेल्या पायांचं जनावर, भलत्या डोक्याचं जनावर. आश्रुबा सातवीपर्यंत शिकलेला, सावकाश वाचतो. शेवटच्या चौकटीत आपल्या शाळेचं जनावर होतं आणि खाली लिहिलं होतं: 'कै. उत्तरेश्वर सरांनी जुन्या पुस्तकावर विसंबून शेपूट जमिनीवर दाखवले. ही चूक तोपर्यंत जगात दुरुस्त झालेली होती.'

त्यानं ते तीनदा वाचलं.

"बरोबर आहे ना, काका? मी जुन्या शिक्षकांना विचारून घेतलं. सर स्वतःच तसं म्हणाले होते म्हणे."

"व्हय," आश्रुबा म्हणाला. "म्हनले व्हते."

खांब ओळंब्यात आहेत की नाही हे तो गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला.

प्रदर्शनाचं निमंत्रण सरांच्या घरी पोचवायचं कामही त्याच्याकडेच आलं. सरांच्या पत्नी छबुबाई ओसरीत शेंगा फोडत होत्या. त्यांनी पत्रिका घेतली, बाजूला ठेवली, चहा टाकला. गावात बातमीला पाय असतात. फलकाची त्यांना आधीच खबर लागली होती.

"मी न्हाई येनार, आश्रुबा."

"कावून, काकू?"

"ह्या मानसानं तीस वर्सं इज्ञान शिकवलं. तालुक्याची पोरं येनार अन् वाचनार, ह्या सरांना जनावराचं शेपूटबी ठावं न्हवतं. त्या बाईचं चुकत न्हाई. खरं असंल ते लिवलं तिनं. पन मला तिथं बसून बघवायचं न्हाई."

त्यांचा आवाज कुठंही चढला नाही. शेंगांची टरफलं सुपातून खाली पडत राहिली. आश्रुबाच्या ओठांवर शब्द आला होता. त्यानं कप उचलला आणि चहाच्या घोटाबरोबर तो गिळून टाकला. चहा गरम होता, घसा पोळला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की 'येतो' म्हणायचंही राहून गेलं.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सकाळपासून शाळेत पोरांची रीघ लागली. मांडव घातला होता. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बद्रीनाथ नाना बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, हातात काठी, ऐकायला कमी येतं, पण मधली खुर्ची अजून त्यांचीच. दोन भाषणं झाली आणि मग मॅडमनी माईकवरून सांगितलं, की आता जनावराच्या कारागिराचा सत्कार. आश्रुबाला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्याच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, समोर माईक आला.

"दोन शब्द बोला, काका."

त्याला फलक दिसत होता. त्याच्यापुढं पोरं उभी होती, त्यातली काही वहीत उतरवून घेत होती. त्या वह्या घरोघरी जाणार, असं त्याच्या मनात आलं.

"मला बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "पन त्या फळ्यावर श्येवटी लिवलंय ते खरं न्हाई. सरांना समदं ठावं व्हतं. त्यांनी मला कागद दिलता, त्यात शेपूट वरच व्हतं. मी तसंच केलतं. ते पडलं. मला धरता आलं न्हाई. मी आत विटा भरल्या अन् सळई बारीक घातली. मग सरांनी ते जुनं पुस्तक काढलं. माझं नाव जाऊ नये म्हनून."

 पुढच्या खुर्चीवरून नानांनी कानामागं हात धरला.

"काय म्हनतोय त्यो? काय पडलं?"

एकदा सांगितलं तेव्हा शब्द आपोआप आले होते. आता ते पुन्हा, मोठ्यानं, याच माणसाला सांगायचे होते. आश्रुबानं माईक बाजूला केला आणि तो नानांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"शेपूट पडलं व्हतं, नाना. माझ्याच्यानं उभं ऱ्हायलं न्हाई. सरांची चूक न्हवती. माझी व्हती."

 नानांच्या तोंडावर हसू आलं. दात नव्हते, पण समाधान पुरेपूर होतं.

"म्हंजी मी म्हनलो व्हतो तेच खरं."

"व्हय नाना," आश्रुबा म्हणाला. "तवा खरं व्हतं."

या एका वाक्याला तो बत्तीस वर्षं भीत आला होता. नानांनी ते म्हटलं, लोकांनी ऐकलं, आणि तो अजून आपल्या पायांवर उभा होता. मॅडम मांडवातून निघून फलकाकडे गेल्या. त्यांनी ओल्या फडक्यानं शेवटच्या दोन ओळी पुसल्या, रंगाचा ब्रश उचलला आणि आश्रुबाकडे वळल्या.

"काय लिहू, काका?"

"घडलं ते लिवा. नाव माझं घाला."

"पूर्ण नाव?"

"आश्रुबा गवंडी म्हना. समद्यांना कळतंय."

उन्हं उतरल्यावर तो छबुबाईंकडे गेला. शाल त्यानं घडी करून काखेत धरली होती, नारळ हातात होता. ते कुठं ठेवावं हे दिवसभर त्याला सुचलं नव्हतं. पायरीशी तो थांबला. आत यावं की नको, तेही ठरेना.

"कळलं मला," छबुबाई म्हणाल्या. "शेजारची सून सांगून गेली. बस."

तो बसला. नारळ त्यानं ओसरीच्या कडेला ठेवला.

"काकू, त्या दिशी आलतो तवाच सांगायचं व्हतं. त्याच्याबी आधी सांगायचं व्हतं. सर व्हते तवाच."

 छबुबाई रागावल्या असत्या तर त्याला चाललं असतं. त्या कुठंतरी मागचं आठवत असल्यासारख्या अंगणाकडे बघत होत्या.

"तुझं जनावर झालं ना," त्या म्हणाल्या, "त्या सालापासनं त्यांनी त्यो धडा शिकवला न्हाई."

"कोन्ता?"

"त्याच जनावरांचा. आठवीला व्हता. त्यो आला की भूगोलाच्या मास्तराला द्यायचे अन् त्याच्या बदल्यात त्याचे दोन धडे आपल्याकडं घ्यायचे. नदीचा अन् कसला. दर साली. मी म्हनायची, कावून? दारात येवढं जनावर उभं हाय, त्याच्यापाशी पोरं न्या अन् शिकवा की. तर म्हनायचे, त्या धड्याला माझा घसा बसतो. मला वाटायचं, थट्टा करत्यात. मीबी हसायची."

 ती सकाळ आश्रुबानं किती वेळा आठवली होती. सायकल, हँडलला लटकलेला सदरा, घमेली. सरांनी एकदा सांभाळून घेतलं आणि तिथं ते संपलं, असंच तो धरून चालला होता. पण सर रोज त्या जनावराशेजारून शाळेत शिरत होते आणि दर वर्षी तो धडा दुसऱ्याच्या हवाली करत होते. पोरांपुढं खोटं शिकवायचं नव्हतं आणि खरं शिकवलं तर आश्रुबा उघडा पडला असता. असं वीस वर्षं, निवृत्त होईपर्यंत. त्यानं शाल तोंडाशी धरली आणि तो रडला.

छबुबाईंनी त्याला रडू दिलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"ती बाई शिकवती का त्यो धडा?"

"शिकवती की." त्यानं डोळे पुसले. "उद्या हाय. जनावरापाशीच, समद्या शाळांच्या पोरांम्होरं. त्यांची ती चित्रं दावून."

छबुबाईंनी कोनाड्यात ठेवलेली निमंत्रणपत्रिका काढली आणि डोळ्यांपासून लांब धरून बघितली. चष्म्याशिवाय काही दिसेना, तेव्हा त्यांनी ती त्याच्यापुढं केली.

"मला ऐकायचाय त्यो धडा," त्या म्हणाल्या. "किती वाजता हाय, बघ बरं."